मॅक्स बिलचं युंगहान्स घड्याळ: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर काय जपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वास्तुकलेच्या विचारातून आलेलं मनगटी घड्याळ घ्यायचं आहे आणि युंगहान्स या जर्मन कंपनीचं 'मॅक्स बिल' मनात भरलं आहे. ३४ मिलिमीटरचं घ्यावं की ३८? चावीचं की ऑटोमॅटिक? एवढे पैसे मोजून प्लास्टिकची काच का? मुंबईच्या पावसाळ्यात ते टिकेल का, आणि इथे दुरुस्त होईल का?

आधी निर्णय सांगतो, कारणं नंतर. रोज सकाळी चावी देण्याचा कंटाळा नसेल तर ३४ मिमीचं चावीचं, आकड्यांऐवजी रेषांच्या डायलचं घ्या. या आरेखनाचं सगळ्यात नितळ रूप तेच. तारीख लागत असेल किंवा मनगटाचा घेर साडेसतरा सेंटिमीटरच्या पुढे असेल तर ३८ मिमीचं ऑटोमॅटिक घ्या. पोहताना, दुचाकीवर भर पावसात किंवा साइटवर सिमेंट-वाळूत घालायला घड्याळ हवं असेल, तर हे घेऊ नका. त्यासाठी ते बनवलेलंच नाही.

मॅक्स बिल म्हणजे एखाद्या कंपनीने पाठीमागे चिकटवलेलं नाव नव्हे. १९०८ साली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला जन्मलेला हा माणूस आधी झुरिचला चांदीकाम शिकला आणि मग १९२७-२८ मध्ये जर्मनीत देसाऊच्या बाऊहाऊस या आरेखनशाळेत गेला. तिथे आल्बर्स, कांडिन्स्की आणि क्ले त्याचे शिक्षक होते. पुढे तो वास्तुकार, शिल्पकार, चित्रकार आणि अक्षररचनाकारही झाला. जर्मनीत उल्म इथल्या आरेखन महाविद्यालयाच्या संस्थापकांपैकी तो एक, पहिला संचालक, आणि त्या संकुलाचा वास्तुकारही तोच. १९५५ साली त्या इमारतीच्या उद्घाटनाला बाऊहाऊसचे संस्थापक खुद्द वॉल्टर ग्रोपिअस आले होते. उघडं काँक्रीट, सरळ मापं, आतल्या वापरावरून ठरलेल्या खिडक्या, आणि बाहेरून लावलेलं काहीच नाही. हाच हात १९५६ साली युंगहान्ससाठी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे वळला. फिक्या रंगाची चिनी मातीची केस (बाहेरचं कवच), वर तासांची डायल आणि खाली पदार्थ शिजायला लावल्यावर फिरवायचा मिनिटांचा टायमर. १९६१ मध्ये त्याच विचारातून मनगटी घड्याळं आली. आज विकलं जातं ते त्यांचंच पुढचं रूप, आणि डायल जवळपास तशीच ठेवली आहे.

उल्मचा एक धागा मुंबईपर्यंतही येतो. पवईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र उभं करणारे सुधाकर नाडकर्णी उल्मलाच शिकले होते. बिल तोवर तिथून बाहेर पडला होता, पण इमारत त्यानेच आखलेली होती.

युंगहान्सचं घर श्राम्बर्गला, ब्लॅक फॉरेस्टमध्ये. कंपनी १८६१ ची. तिथल्या डोंगरउतारावर १९१६ ते १९१८ दरम्यान फिलिप याकोब मान्त्स या वास्तुकाराने बांधलेली कारखान्याची इमारत आहे. नऊ मजले पायऱ्यापायऱ्यांनी उताराला टेकवलेले, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या कामाच्या टेबलाला थेट दिवसाचा उजेड मिळावा. २०१८ पासून तिथे घड्याळांचं संग्रहालय आहे. ज्याने दिव्याखाली मान घालून बॅलन्सचं, म्हणजे घड्याळातल्या झुलत्या चाकाचं, टोक शोधलं आहे, त्याला या इमारतीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता डायलकडे या, कारण या घड्याळातली वास्तुकला मुख्यतः तिथे आहे. मॅट रुपेरी पृष्ठभाग आणि त्यावर साठ बारीक रेषा. तासाच्या रेषा आतल्या बाजूला लांब गेलेल्या, मिनिटांच्या आखूड. मिनिट काटा थेट मिनिटांच्या रेषांपर्यंत पोचतो, तास काटा त्यांच्या आतच थांबतो. त्यामुळे कुठला काटा कुठल्या मोजपट्टीवर वाचायचा याचा संभ्रम उरत नाही. स्वस्तातल्या 'बाऊहाऊस' छापाच्या घड्याळांत नेमकं हेच चुकतं. काटे दोन-तीन मिलिमीटर आखूड असतात आणि रेषांच्या अलीकडे हवेत थांबतात. डायल साधी दिसते, पण वेळ अंदाजाने वाचावी लागते. दुकानात असं कुठलंही घड्याळ हातात घेतलं की पहिल्यांदा हे बघा: मिनिट काट्याचं टोक रेषेला शिवतं का? शिवत नसेल तर बाकीचं बघायची गरज नाही.

आकड्यांची डायलही सुंदर आहे. बिलने आकडे स्वतः आखले होते, आणि त्यातला ४ एकदा पाहिला की दुसरीकडे कुठेही ओळखू येतो. लांबचा चष्मा लागलेल्यांना रेषांची डायल सोपी जाते. जवळचं धूसर दिसणाऱ्यांनी दोन्ही हातात घेऊन, दुकानाच्या दिव्याखाली नव्हे तर दारात उभं राहून बघावं. मॅट रुपेरी डायल आणि बारीक काळी छपाई ही जोडी दिवसा फार स्पष्ट दिसते. रात्री काट्यांवरच्या पट्ट्या आणि चार ठिकाणचे ठिपके थोडा वेळ चमकतात, पण पहाटेपर्यंत त्यांवर भरवसा ठेवू नका. त्या जागेत चमकणारा रंग बसतोच किती!

तारखेबद्दल मत द्यायचं तर, तारीख असलेल्या ३८ मिमीच्या ऑटोमॅटिकमध्ये ३ च्या जागी खिडकी येते आणि तिथली रेषा तुटते. बऱ्याच जणांना ते खटकत नाही. ज्याला साठ रेषांचं पूर्ण वर्तुळ हवं आहे त्याला मात्र रोज खटकेल. चावीच्या ३४ मध्ये तारीखच नाही, म्हणून वर्तुळ अखंड राहतं.

मापाचा मुद्दा लोक आकड्यावरून ठरवतात आणि फसतात. या घड्याळाला वरून कडं जवळजवळ नाहीच. काच केसच्या काठापर्यंत जाते. सगळा व्यास फिक्या डायलचा असल्यामुळे ३८ मिमीचं घड्याळ हातात ४० सारखं दिसतं आणि ३४ चं ३६ सारखं. पट्टा अडकवायचे कान मात्र आखूड आणि खाली वळलेले आहेत, त्यामुळे लांबीला ते मनगटाबाहेर जात नाही. घरी अजमावायचं तर पांढऱ्या कागदाचे ३४ आणि ३८ मिमीचे गोल कापा, मनगटावर ठेवा आणि हातभर अंतरावरून आरशात बघा. कागद पांढराच हवा. काळ्या कागदाचा गोल लहान भासतो आणि निर्णय चुकतो. पट्ट्याची रुंदी ३४ ला १८ मिमी, ३८ ला २० मिमी.

जाडी चावीच्या घड्याळात साधारण ९ मिमी, ऑटोमॅटिकमध्ये १० च्या आसपास. हे आकडे ऐकून नाक मुरडू नका. त्यातला बराच भाग काचेच्या घुमटाचा आहे. बाजूची धातूची भिंत पातळ आहे आणि ती खाली मनगटाकडे निमुळती होत जाते, म्हणून बाही अडकत नाही.

आतल्या मशीनबद्दल. चावीच्या घड्याळात युंगहान्स जे ८०५.१ म्हणते ते ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या २८०१-२ वर बेतलेलं आहे, आणि ऑटोमॅटिकमधलं जे ८००.१ ईटीए २८२४-२ वर. दोन्ही एकाच कुळातली: व्यास २५.६ मिमी, ताशी २८,८०० ठोके. फरक असा की २८०१ मध्ये रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं वजन) आणि त्याची यंत्रणा नाही, त्यामुळे ते ३.३५ मिमी जाडीत बसतं. २८२४ ला ४.६ मिमी लागतात. चावी पूर्ण भरली की चावीचं साधारण ४२ तास चालतं, ऑटोमॅटिक ३८ तास. हे कुळ टिसॉट, हॅमिल्टन, ओरिस अशा कितीतरी घड्याळांत आहे, म्हणून पुण्या-मुंबईतला कुठलाही अनुभवी घड्याळजी ते डोळे मिटून ओळखतो. 'इथे दुरुस्त होईल का' या प्रश्नाचं मशीनपुरतं उत्तर इथेच मिळतं. काच, डायल आणि काटे यांचं उत्तर वेगळं आहे. ते पुढे येईल.

चावी द्यायची ती सकाळी, एका वेळेला, घड्याळ हातातून काढून. मनगटावर असताना चावी दिली की बटणाच्या दांड्यावर तिरका जोर येतो आणि काही वर्षांत नळी झिजते. बटण अंगठा आणि तर्जनीत धरून सावकाश फिरवा. शेवटी मेनस्प्रिंग (चावीची मुख्य कमान) घट्ट झाल्याचं बोटाला स्पष्ट कळतं. तिथे थांबा, आणखी जोर लावू नका. रोज देत असाल तर वीसेक फेऱ्यांतच तो थांबा येतो.

ऑटोमॅटिकला उलट सांगणं: हाताने चावी कमी द्या. थांबलेलं घड्याळ सुरू करायला पंधरा-वीस फेऱ्या पुरेत, बाकीचं काम रोटर करतो. २८२४ च्या कुळाला रोज हाताने भरायची सवय लावली की रोटरकडची उलट-सुलट फिरणारी चाकं आणि रॅचेटचे दात लवकर झिजतात. एक खूण लक्षात ठेवा. हाताने चावी देताना आतला रोटर घरघर फिरायला लागला, तर ती चाकं कोरडी पडली आहेत किंवा चिकटली आहेत. तसंच फिरवत राहिलात तर दात तुटतात, आणि धातूचा बारीक चुरा सगळ्या मशीनभर जातो. घड्याळ चालत असलं तरी ते सर्व्हिसिंगला द्या.

तारीख रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान बटणाने बदलू नका. त्या वेळात तारखेचं चाक आधीच दातात धरलेलं असतं. जबरदस्ती केली की चाक ढकलणारं आतलं बोट वाकतं आणि मग तारीख अर्ध्यावर अडकते. काटे आधी खालच्या अर्ध्यात, ६ च्या आसपास आणा, मग तारीख बदला, मग वेळ लावा.

४० मिमीचा क्रोनोस्कोप, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळही याच मालिकेत येतं. त्यातलं मशीन ईटीए ७७५० वर बेतलेलं, आणि जाडी १४ मिमीच्या पुढे. डायल सुरेख आहे, पण बिलच्या घड्याळाचा हलकेपणा त्या जाडीत हरवतो. बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झचंही येतं, आठवड्यातून एकदाच घालणाऱ्याला तेच सोयीचं. त्याची बॅटरी संपली की महिनोन्‌महिने तशीच आत ठेवू नका, ती गळते.

शेजारची दोन नावं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जर्मनीतल्या ग्लासह्युटचं नोमोस टँजेंट १९९२ मध्ये आलं. त्याची डायल १९३० च्या दशकातल्या जर्मन डायलींवरून घेतली आहे. केस सरळ भिंतीची, कान काटकोनी, काच सपाट नीलमणीची (सफायर), आणि मशीन आता स्वतःचं. टँजेंट कडक आहे, बिलचं मऊ. नीलमणीच्या काचेवर ओरखडे जवळपास उमटत नाहीत, म्हणून निष्काळजी माणसाला टँजेंट बरं. दुसरं बुल्गारीचं ऑक्टो. रोममधल्या मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाच्या छतातल्या अष्टकोनी खणांवरून त्याचा आकार घेतला आहे, आणि त्याच्या केसला ११० पैलू आहेत. तिथे वास्तुकला केसमध्ये आहे, डायलमध्ये नाही. जाणकार हातांशिवाय त्याला पॉलिश लावलं की पैलूंच्या कडा गोल होतात आणि घड्याळाचा जीवच जातो. बिलच्या घड्याळात अशी नाजूक जागा म्हणजे काच.

ती प्लास्टिकची का, हा प्रश्न रास्त आहे. बिलने जे घुमटाकार रूप आखलं, त्या काळी ते अ‍ॅक्रिलिकमध्येच होत होतं. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, पडल्यावर सहसा फुटत नाही, आणि काठाजवळ प्रकाश असा वळवतं की रेषा किंचित वाकून केसच्या कडेत मिसळतात. तिरकं धरून बघा: डायल कुठे संपते आणि धातू कुठे सुरू होतो, ते सांगता येत नाही. काठाचं कडं काढून टाकण्यामागचा सगळा हेतू इथे दिसतो. नीलमणीत असा घुमट काढता येतो, पण महाग पडतो, आणि काठावर प्रकाश वेगळा वळतो, पांढुरकी कडा दिसते. अलीकडच्या काही आवृत्त्यांत नीलमणी काच आली आहे, तेव्हा घेताना मॉडेलच्या तपशिलात काच कुठली आहे ते वाचूनच घ्या. कळत नसेल तर नखाने हलकेच टिचकी मारा. अ‍ॅक्रिलिकचा आवाज बोदा येतो, नीलमणीचा कडक. आणि ओठाला लावली तर नीलमणी गार लागते.

अ‍ॅक्रिलिकच्या काचेवर कंपनी सिक्रालान नावाचा कडक थर देते. बारीक रोजचे ओरखडे त्यामुळे कमी होतात. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या: पॉलिशची पेस्ट लावून ओरखडा घासला, की ओरखड्याबरोबर तो थरही त्या जागी जातो. त्यानंतर तिथे काच पूर्वीपेक्षा लवकर ओरखडते. म्हणून नवं घड्याळ पहिल्या केसासारख्या ओरखड्याला घासायला घेऊ नका. ओरखडे इतके जमले की वेळ वाचताना नजर अडखळते, तेव्हाच हे काम करा, आणि केलं तर पूर्ण काच एकसारखी घासा. एक चट्टा घासलेला आणि बाकीची न घासलेली काच उजेडात लगेच दिसते.

कृती अशी. पट्टा काढा. केसचा काठ आणि कान कागदी चिकटपट्टीने पूर्ण झाका. चावीचं बटण आत दाबलेलं आहे ना, खात्री करा. ओल्या, पिळलेल्या मऊ कापडाने धूळ टिपून घ्या. धुळीसकट घासलं तर नवे ओरखडे पडतात. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर थेट अ‍ॅक्रिलिकची पॉलिश पेस्ट, मुगाच्या दाण्याएवढी, सुती कापडावर घ्या, आणि हलक्या दाबाने दोन-तीन मिनिटं लहान गोलांत फिरवा. नख अडकत असेल तर आधी २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग ३०००, आणि शेवटी पेस्ट. १५०० च्या खाली जाऊ नका. कागद ओला ठेवा आणि एका जागी रेंगाळू नका, नाहीतर घुमटाला सपाट चट्टा पडतो आणि तिथून डायल डुलताना दिसते. हाताने काम करा. यंत्राच्या चाकाने अ‍ॅक्रिलिक क्षणात तापतं आणि वितळून त्यावर सुरकुती येते.

स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर आणि अत्तर यांपासून ही काच लांब ठेवा. अ‍ॅक्रिलिक दाबून बसवलेलं असतं, म्हणजे त्यात कायम ताण असतो. ताणातल्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की काठापासून आत केसासारख्या भेगांचं जाळं उगवतं. ते पॉलिशने जात नाही, काच बदलावीच लागते. करोनाच्या काळात सॅनिटायझरच्या हाताने घड्याळ पुसायची सवय अनेकांना लागली, ती मोडा. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं.

काच बदलायची वेळ आली तर मूळ काचच मागवा. बाजारात त्याच व्यासाच्या घुमटाकार अ‍ॅक्रिलिक काचा मिळतात, आणि घड्याळजी प्रामाणिकपणे सांगेल की 'बसते'. बसते खरी, पण घुमटाची उंची आणि वक्रता वेगळी असते. उंची अर्धा मिलिमीटर कमी पडली तर सेकंद काट्याचं टोक आतून घासू शकतं आणि घड्याळ ठरावीक जागी थांबायला लागतं. उंची जास्त झाली तर काठावरचं रेषांचं वळण बिघडतं. कंपनीच्या सेवा केंद्रामार्फत मागवायला आठवडे लागतात, पण थांबा.

आता पाऊस. घड्याळाच्या मागच्या झाकणावर किती बार (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लिहिलं आहे ते बघा. ३ बार असेल तर हात धुताना उडालेलं पाणी, अचानक आलेली सर, इथपर्यंत ठीक. ५ बार असेल तर थोडं अधिक. दोन्हींत पोहायला मज्जाव. हा आकडा नव्या रबराच्या रिंगवर, स्थिर दाबाखाली मोजलेला असतो. नळाची धार, दुचाकीवर समोरून येणारा पाऊस आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर गार हवा, यांत दाब आणि तापमान झटक्यात बदलतं. आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा बटणाच्या नळीतून ओढली जाते. शिवाय अ‍ॅक्रिलिकमधून बाष्प अतिशय हळू का होईना आत जातंच. नीलमणीतून जात नाही. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे घड्याळ घालायचं असेल तर दर वर्षी मे महिन्यात रबराच्या रिंगा तपासून घ्या आणि दाबाची चाचणी करून घ्या. चाचणी कोरडी, हवेची असावी. यंत्रावर अ‍ॅक्रिलिकचा घुमट नीलमणीपेक्षा जास्त दबतो आणि नुसत्या आकड्यावरून घड्याळ 'नापास' दिसू शकतं, हे चाचणी घेणाऱ्याला माहीत हवं.

काचेच्या आत धुकं दिसलं तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ बंद केसमधलं पाणी ओढू शकत नाही, वर त्याची पूड बटणाच्या फटीत जाते. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली तापवूही नका. आतलं पाणी वाफ होऊन डायलवर आणि बॅलन्सवर बसतं. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, झाकण उघडून मशीन बाहेर काढून वाळवू द्या. चोवीस तासांत उघडलं तर बहुतेक वेळा डायल वाचते. आठवडा गेला की दांड्यावर आणि चावीच्या चाकांवर गंज येतो, आणि मॅट रुपेरी डायलवर काठापासून आत तपकिरी ठिपके येतात. ते ठिपके काढायचा उपाय नाही. डायल बदलावी लागते.

घड्याळजीला आवर्जून सांगायच्या गोष्टी आहेत, आणि चांगला माणूस त्याचा राग मानत नाही. पहिली: झाकण दाबाचं असेल तर बंद करताना सपाट डाय (दाबयंत्रातला टेकू) खाली ठेवू नका. घुमट सपाट डायवर टेकला की सगळा जोर त्याच्या माथ्यावर येतो आणि काच तडकते, नाहीतर जागची हलते. खाली पोकळ डाय हवी, जी केसच्या खांद्यावर टेकेल आणि काचेला शिवणारही नाही. काही मॉडेलना मागे चार बारीक स्क्रू असतात. तिथे नेमक्या मापाचा पेचकस वापरावा, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत. दुसरी: डायल पुसू नका. ओलसर कापूसही नको. छपाई बारीक आहे आणि रुपेरी थरावर बोटाचा ठसा काही महिन्यांनी काळा पडतो. हवेचा फुगा आणि अगदी गरज पडली तर काठावर चिकट पुटीचं टोक, एवढंच. तिसरी: काटे काढताना डायलवर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवा. लांब, अरुंद काटे सहज वाकतात, आणि वाकलेला मिनिट काटा या डायलवर लपत नाही. चौथी: बटणाचा दांडा सोडवायची कळ हलकेच दाबा. खोल दाबली की आतला सरकता पिनियन (छोटं दातेरी चाक) जागेवरून सुटतो, बटण परत बसवल्यावर चावी लागते पण काटे हलत नाहीत, आणि मग डायल उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी. त्यात नुसतं 'तेल टाकणं' चालत नाही. जुन्या तेलावर नवं तेल पडलं की चिकट गाळ होतो. मशीन पूर्ण सुटं करून, धुऊन, जलद चाकांना पातळ तेल, बॅरल (मेनस्प्रिंगची डबी) आणि मधल्या चाकांना घट्ट तेल, पॅलेटच्या (चाकांना ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या भागाच्या) माणकांना वेगळं ग्रीस, आणि ऑटोमॅटिक असेल तर बॅरलच्या भिंतीला ब्रेकिंग ग्रीस, एवढं झालं पाहिजे. काम झाल्यावर टाइमग्राफरवरचा (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा) कागद मागा. यंत्रात लिफ्ट अँगल, म्हणजे मशीनप्रमाणे भरायचा कोन, ५० अंश लावलेला असावा. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २७० ते ३१० अंश, बीट एरर (दोन ठोक्यांतला असमतोल) ०.६ मिलिसेकंदाच्या आत, आणि दिवसाला चार-पाच सेकंद पुढे, ही चांगली अवस्था. अ‍ॅम्प्लिट्यूड २४० च्या खाली असेल तर तेल किंवा मेनस्प्रिंगचं काम अर्धवट राहिलं आहे.

घड्याळ अचानक दिवसाला दोन-चार मिनिटं पुढे जायला लागलं तर सर्व्हिसिंगला धाव घेऊ नका. बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या केसासारख्या कमानीला) चुंबकत्व लागलेलं असतं. मोबाइलचं चुंबकी झाकण, लॅपटॉपचं झाकण, स्पीकर ही नेहमीची ठिकाणं. होकायंत्राजवळ घड्याळ न्या. सुई हलली तर निदान पक्कं. चुंबकत्व काढायचं काम एका मिनिटाचं आहे.

पट्टा कातड्याचा येतो, पातळ आणि मऊ. आपल्याकडच्या घामात तो सलग घातला तर एका उन्हाळ्यात आतून काळा पडून वास मारतो. दोन पट्टे ठेवा आणि आलटून पालटून वापरा, किंवा उन्हाळ्यात बारीक विणीचा स्टीलचा जाळीदार पट्टा लावा. जाड, शिवणीचा पट्टा लावू नका. पातळ केसच्या कडेला तो उंच राहतो आणि प्रमाण बिघडतं.

जुनं घेत असाल तर १९६० च्या दशकातलं मूळ घड्याळ मिळणं शक्य आहे, पण डायल पुन्हा रंगवलेली नाही ना हे भिंगाखाली तपासा. मूळ छपाईत रेषेच्या दोन्ही कडा धारदार असतात आणि सगळ्या रेषा केंद्राकडे नेम धरतात. पुन्हा छापलेल्या डायलवर शाई किंचित फुगलेली दिसते, आणि एखाद-दुसरी रेषा तिरकी जाते. १९९७ नंतरच्या नव्या मालिकेतलं घेत असाल तर आणखी तीन गोष्टी बघा. काचेच्या काठावर भेगांचं जाळं आहे का. बटण ओढल्यावर सेकंद काटा जागीच थांबतो का. आणि तारीख असेल तर मध्यरात्री ती बदलताना तास व मिनिट काटे बाराच्या रेषेवर एकावर एक येतात का. शेवटचं चुकत असेल तर कोणीतरी काटे घाईत बसवले आहेत, तेव्हा मागचं झाकण उघडून आत काय केलं आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.